सायलेन्सरचा ताप

कोल्हापुरात बुलेट घेऊन सिग्नलला थांबलं की शेजारचा गाडीवाला तुमच्या तोंडाकडे बघत नाही, सायलेन्सरकडे बघतो. इंजिनातून बाहेर पडून मागं वळणाऱ्या चकचकीत नळीवर, म्हणजे बेंड पाइपवर, त्याला निळसर झाक दिसली की एरवी दवाखान्याच्या दारात दिसते तसली सहानुभूती त्याच्या चेहऱ्यावर येते. "लीन चाललीय काय ओ?" तो विचारतो. आपण तोंड उघडायच्या आत "टायमिंग बघून घ्या", "आमच्या मेव्हण्याची बी अशीच झालती", "शेवटी इकली बघा त्यानं" असं निदान, दाखला आणि अंत्यविधी हे सगळं हिरवा दिवा लागेपर्यंत उरकलेलं असतं.

दोष त्यांचा नाही. गावच तसं आहे. शिवाजी उद्यमनगरात ओतकाम, लेथ, ग्राइंडिंग, प्लेटिंग यांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि उरलेल्या शहरात राहतात ते त्या दुकानांतल्या लोकांचे नातेवाईक. पुण्यातला माणूस दुसऱ्याच्या गाण्यात चूक काढतो, कोल्हापूरचा वेल्डिंगमध्ये काढतो. अशा गावात निळा पडलेला बेंड पाइप घेऊन हिंडणं म्हणजे घरातलं भांडण रंकाळ्यावर करण्यापैकी आहे.

माझी बुलेट वडिलांची. कास्ट आयर्न इंजिनाची, किक, गिअर आणि सायलेन्सर उजव्या अंगाला, ब्रेक तेवढा डाव्या पायाला. 1955 मध्ये मद्रासला या गाडीचं बस्तान बसलं, तेव्हापासून ही उजवी-डावी वाटणी कितीतरी वर्षं तशीच चालली आणि तिच्यावर कित्येक संसार बसले. साडीतली बाई मागं एकांगी बसते ती पाय डावीकडे सोडून, त्यामुळं सायलेन्सर उजवीकडे असणं हे आपल्याकडं सोयीचंच ठरलं. चटके बसले ते पोरांना. "उजवीकडनं उतरायचं नाही" हा आमच्या घरातला पहिला संस्कार, शुभंकरोतीच्याही आधीचा. तो न जुमानल्याची पावती धाकट्या बहिणीच्या पोटरीवर अजून आहे, आणि तिच्या लग्नात वडिलांनी बुलेट द्यायचं नाव काढलं तेव्हा तिनं ती पावतीच दाखवली.

जुना बेंड पाइप आतून गंजून फाटला, म्हणून नवा आणला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या मिस्त्रीमामांनी तो बसवला, थिनरचा बोळा फिरवून लख्ख पुसला आणि बजावून सांगितलं, "सर, बोट लावू नका. बोटाचं त्याल जळतंय आन् ठसा ऱ्हातोय, मग निघत न्हाय. आन् चालू केली की निघायचं. जाग्यावर गुरगुरत ठेवायची न्हाय, पाइपाला वारं लागलं पायजे."

यातलं प्रत्येक वाक्य धातुशास्त्राला धरून होतं. पण मामांनी ते मला सांगितलं होतं आणि पूजा करणार होती आई.

खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची, गाड्यांची पूजा. आईनं हेडलाइटवर स्वस्तिक काढलं, टाकीवर हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूचा हार घातला, इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग तिची नजर खाली गेली. एवढा नवाकोरा भाग पूजेतून सुटतोय हे तिला बघवेना. मी "आई, तिथं..." म्हणेपर्यंत बेंड पाइपवर हळदीची दोन बोटं आणि कुंकवाचं एक उमटलं होतं. मेव्हण्याला व्हिडिओ काढायचा होता. व्हिडिओत आवाज पाहिजे म्हणून त्यानं किक मारली. आरती सुरू झाली. आमच्याकडं गणपतीची झाली की देवीची, देवीची झाली की शंकराची, आणि कोणाला आठवेल तेवढी कडवी, असा रिवाज आहे. गाडी जागेवर धकधकत उभी. पाइपाला वारं लागावं म्हणून मी आरतीच्या ताटाआडून वर्तमानपत्रानं वारा घालत होतो. "भक्तिभाव बघा," असं शेजारच्या काकू कुणाला तरी म्हणाल्या.

आरती चालू व्हायच्या आधी सासरे भज्यांची बशी हातात घेऊन आले होते. त्यांची उभी हयात प्लेटिंगच्या धंद्यात गेली. त्यांनी बशी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताचा अंगठा पाइपवरून फिरवला आणि "क्रोम बरं टाकलंय" असा शेरा दिला. संध्याकाळी गाडी निवल्यावर बघतो तर हळद जळून तपकिरी, कुंकवाचा काळा ठिपका आणि त्या दोन्हींच्या मध्ये रेषा न् रेषा मोजता येईल असा सासऱ्यांचा अंगठा. पोलिसांनी पावडर टाकूनही इतका स्वच्छ ठसा उठला नसता. सासऱ्यांना दाखवला तर म्हणाले, "बघा, फिनिश चांगला असल्याशिवाय एवढं बारीक उमटत नाही."

इंजिनाजवळच्या वळणावर एक गव्हाळ पट्टाही आला होता. मग गगनबावड्याला एक चक्कर झाली. जाताना गव्हाळ होतं ते येताना जांभळट झालं आणि पुढच्या काही दिवसांत मोरपिशी निळं. दिसायला सुंदर. पण सुंदर आहे असं म्हणणारा या गावात मी एकटाच.

आता उपचार. आईचं म्हणणं चिंच. आमची समई चिंचेनं उजळते, देवघरातला तांब्या उजळतो, मग पाइप काय आकाशातून पडलाय? चिंच लावून तासभर ठेवली. हाताला मात्र छान आंबट वास आला. यात चिंचेची चूक नाही. तांब्यापितळेवर जो काळपटपणा चढतो तो तांब्याचा ऑक्साइड असतो आणि आंबटात विरघळतो. क्रोमवरचा थर चिंचेला दाद देत नाही. शेजारच्या काकांनी टूथपेस्ट सुचवली, त्यांनी त्यांच्या स्कूटरचे आरसे त्यानं साफ केले होते. मेव्हणा म्हणाला, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चुरगाळून कोल्ड्रिंकमध्ये बुडवून घास. ही युक्ती खोटी नाही, क्रोमवरचे गंजाचे ठिपके तिनं जातात, कारण फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते आणि गंज तेवढा खरवडते. पण निळेपणा म्हणजे गंज नव्हे. फक्त मुंग्या आल्या.

मग एक दिवस घरी येतो तर बायको तारेची घासणी हातात घेऊन पाइपशी उकिडवी बसलेली. "अहो, कुकर दूध करपून काळा पडला होता तो निघाला, हा तर नुसता निळा आहे." मी जवळजवळ आडवा पडलो. सासऱ्यांनीच मग जावयाची बाजू घेतली, हा योग दुर्मीळ. त्यांनी मुलीला समोर बसवून प्लेटिंगचा पाठ दिला. लोखंडावर निकेलचा थर चढवतात, चकाकी आणि गंजापासून बचाव हे मुख्यतः त्या निकेलचं काम. त्याच्यावर क्रोमचा थर असतो तो अगदी नावाला, मायक्रॉनचा काही भाग. डोळ्याला कळणार नाही इतका पातळ, पण कडक. तार फिरवली की तिचे ओरखडे उठायला लागतात आणि घासत राहिलात की क्रोम संपून खालचं निकेल उघडं पडतं. निकेलला मुळातच जरा पिवळसर झाक असते. "आणि मग," सासरे म्हणाले, "गिऱ्हाईक येऊन सांगतं, मालक, सगळं निघालं, फक्त थोडा पिवळेपणा राहिलाय, तेवढा अजून घासू का?" अशा गिऱ्हाइकांवर त्यांनी घर बांधलंय.

या रंगाची गंमत अशी की तो रंग नाहीच. पाइपवर निळं असं काही चढलेलं नसतं. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा येतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपासचा. उजेड त्याच्या वरच्या पृष्ठावरून परततो आणि खालच्यावरूनही परततो. दोन्ही परतणारे किरण एकमेकांत मिसळताना काही रंग खोडले जातात, काही उठून दिसतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे इंद्रधनुष्य दिसतं तेच हे. पापुद्रा पातळ असेल तर पिवळा, जाड होत गेला की तपकिरी, जांभळा, निळा. साध्या पोलादाला 220 अंश सेल्सियसच्या सुमाराला फिकट पिवळा चढतो आणि 300 च्या आसपास निळा. क्रोमला आणि स्टेनलेसला त्याहून जास्त ताप लागतो. थर्मामीटर नव्हते तेव्हाही लोहार हे रंग बघूनच हत्याराला पाणी देत होता. कुठला रंग पळत आला की बुडवायचं हे त्याला बापानं दाखवलेलं असायचं. चांगल्या घड्याळांचे निळे काटे असेच तापवून निळे केलेले असतात, त्यांना कोणी रंग लावत नाही.

इकडे पुरंदरचा तह झाला त्याच वर्षी, 1665 मध्ये, लंडनमध्ये रॉबर्ट हुक यांचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ निघाला. त्यात अभ्रकाच्या पातळ पदरांचे, साबणाच्या फुग्याचे आणि तापवलेल्या पोलादाचे रंग एकाच रांगेत बसवून त्यांचा विचार केलेला आहे. पुढं न्यूटननं पातळ पदरांच्या रंगांवर आणखी काम केलं, त्यावरून हुकशी वाजलंही. सव्वातीनशेहून जास्त वर्षांपूर्वी दोन थोर माणसं या निळेपणावरून भांडली, आणि त्यातल्या एकालाही "साहेब, कशानं निघंल?" असं कोणी विचारलं नाही. भाग्यवान.

कारण निघणं काही अवघड नाही. पापुद्राच तो. पाइप पूर्ण गार झाल्यावर धातूचं चांगलं, अगदी बारीक पॉलिश मऊ फडक्यावर घेऊन संयमानं फिरवत बसलं की निळं जातं. ऑटोसोलची ट्यूब यासाठी बुलेटवाल्यांच्या घरी दंतमंजनाशेजारी असते, आणि ते धोक्याचं आहे. निळेपणावरचीच म्हणून वेगळी पॉलिशंही मिळतात. प्रश्न पुढं आहे. रविवारी सकाळी खपून घालवलेलं निळं बुधवारी परत येतं. आणि दर खेपेला क्रोम थोडं कमी होतं. म्हणजे हा आजार उपचारानंच जास्त बळावतो.

मामांकडं गाडी नेली तर त्यांनी पाइपकडं बघितलंसुद्धा नाही. प्लग काढला, उजेडात धरला. टोक पांढरंफटक. "रंग पुसत बसू नका सर, ताप बघा. प्लग चॉकलेटी पायजे. काळा आसंल तर पेट्रोल जास्त, पांढरा आसंल तर हवा जास्त. ही हवा खातीया." पेट्रोलचा एक भाग जळायला वजनानं साधारण 14.7 भाग हवा लागते. हवा त्याहून जास्त झाली, म्हणजे गाडी लीन झाली, की जाळ रेंगाळतो. सिलिंडरमध्ये संपायचा तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी चालूच असतो, आणि उरलेली होळी बेंड पाइपात साजरी होते. टायमिंग मागं राहिलं तरी हेच. ठिणगी उशिरा, जाळ उशिरा, पाइप लाल. सिग्नलवरची मंडळी बरोबर होती, याचं दुःख वेगळंच.

मग मामांनी हवा कुठून शिरते त्याचा शोध घेतला. गाडी चालू ठेवून कार्बोरेटर जिथं इंजिनाला जोडतो त्या सांध्यावर क्लीनरचा स्प्रे जरासा मारला. धकधक ऐकता ऐकता आवाज एकदम बदलला. मामांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. कार्बोरेटर उतरवला. त्याची फ्लँज दोन नटांवर बसते आणि कोणी तरी, केव्हा तरी, जोर दाखवायला ते नट पिळून पिळून आवळले होते. दोन्ही टोकांना दाबली की मऊ धातूची ती फ्लँज मध्ये कमान धरते आणि कमानीखालून हवा आत येते. मामांनी खिडकीच्या काचेचा तुकडा आडवा ठेवला, त्यावर पॉलिश पेपर, पेपरवर तेलाचे दोन थेंब, आणि फ्लँज त्यावर गोल गोल फिरवायला सुरुवात केली. पहिल्यांदा नुसती टोकं चमकली, मधला भाग काळाच. चहा आला. टोकांची चमक मध्याकडं सरकत गेली. चहा संपला. मध्ये बोटभर काळं राहिलं, मग नखभर, मग सगळी एकसारखी चमकली. शीटमधून नवं पॅकिंग कापलं, पॉइंटचा गॅप लावला, टायमिंग जुळवलं, नट बोटांनी लावून पान्यानं नुसते टेकवले. "हितं ताकद दाखवायची न्हाय," ते दुकानातल्या पोराला म्हणाले. पोरगं माझ्याकडं संशयानं बघायला लागलं.

याशिवायही मार्ग आहेत, ते सगळे मला सिग्नलवर कळलेले आहेत. पाइपला पट्टी गुंडाळणं हा एक. रेसच्या गाडीला ते शोभतं. आपल्या पावसात पट्टीच्या आत पाणी मुरतं आणि पाइप आतल्या आत गंजतो, निळा दिसत नाही एवढंच. काळा उष्णतारोधक रंग मारणं हा दुसरा, तो मारला की क्रोमचे पैसे कशाला दिले हा प्रश्न घरातून येतो. हार्ले-डेव्हिडसनच्या अनेक गाड्यांवर जे क्रोम चमकतं ते खऱ्या पाइपवर नसून त्यावर बसवलेल्या पत्र्यावर असतं. आत पाइप खुशाल निळा-जांभळा होऊ दे, बाहेर शांतता. मोठ्या घरांतली पद्धत ती. आणि 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मुक्कामाला आहे, तो गरम झाल्याशिवाय कामच करत नाही. त्यामुळं तिथं पाइप सोनेरी पडला म्हणून तक्रार करायला गेलं की काउंटरवरचा पोरगा मान वर न करता सांगतो, "नॉर्मल आहे सर." मामांकडं निदान प्लग उजेडात धरून बघतात.

गाडी आता उत्तम आहे. प्लग चॉकलेटी. मी एकदाच, शेवटचं म्हणून, बसून पाइप पॉलिश केला. निळं गेलं, कुंकू गेलं, हळदीची फिकट सावली राहिली. सासऱ्यांचा अंगठा मात्र जसाच्या तसा. आता तो ते आल्या-गेल्याला दाखवतात.

परवा पॅकिंग तपासायला मामांकडं गेलो तर आमच्या गल्लीतलाच कॉलेजचा पोरगा तिथं गाडी घेऊन उभा. त्याच्या सायलेन्सरला टोकाला निळा-जांभळा-सोनेरी असा पट्टा, बाजारातून विकत आणलेला. टायटॅनियमचं म्हणून सांगून दुकानदारानं भरपूर पैसे घेतलेले. रेसच्या गाड्यांना टायटॅनियमचे पाइप असतात आणि ते तापून असेच रंगतात, म्हणून तो रंग ही आता पोरांमध्ये मानाची गोष्ट. असले मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलिस धरतात आणि ढीग करून वरून रोडरोलर फिरवतात, त्याला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. पावसानंच लावला. पट्टा सोलून निघाला होता आणि खाली साधा पत्रा दिसत होता.

"मामा, निळं परत पायजे," पोरगं म्हणालं. "पक्कं. निघणार नाही असलं."

मामांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यांना इचार. ह्यांचं निघता निघत नव्हतं."

पोरग्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी पहिल्यांदाच आदर दिसला. "काका, कुठं करून घेतलंतं?"

"घरीच," मी म्हणालो. "हवा जास्त, पेट्रोल कमी. आपोआप येतं."

"खरं?"

"ऐकू नकोस त्यांचं," मामा हातातला पाना खाली ठेवत म्हणाले. "लीन करून देतो, गगनबावड्यापातुर चढीवर तानून ये. निळं येईल, पक्कं येईल. पर पिस्टन जाईल. काय ठेवायचं ते ठरीव."

पोरगं गप्प झालं. बराच वेळ सायलेन्सरकडं बघत उभं राहिलं. मग त्यानं हळूच विचारलं,

"मामा, पिस्टन केवढ्याला येतो?"